क्लोरीनने विस्कटलेली साखळी

पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीत नळाचं सामान विकणाऱ्या दुकानांपुढे उभं राहिलं, की भिंतीला टेकवलेले तीन जातींचे पाइप नजरेस पडतात. एक काळा, वेटोळं करून बांधलेला. दुसरा पांढरा किंवा करडा, सरळसोट, वीस फुटी. तिसरा फिकट पिवळा, दाट सायीच्या रंगाचा. ‘गिझरला लावायचाय’ एवढंच गिऱ्हाइकाच्या तोंडून निघालं, की दुकानदार पुढचं काही न विचारता तिसऱ्याला हात घालतो.

तिघांच्या पोटात मूळ वस्तू एकच आहे: कार्बनच्या अणूंची लांबच लांब साखळी. फरक पडतो तो क्लोरीनचा. काळा पाइप पॉलिथिलीनचा. त्यात क्लोरीन औषधालाही नाही. करडा पीव्हीसीचा, त्याच्या मूळ राळेत वजनाचे सुमारे ५७ टक्के क्लोरीन. पिवळसर पाइप सीपीव्हीसीचा; तिथे हा आकडा ६७ च्या आसपास जातो. या घराण्यातला चौथा भाऊ मात्र दुकानाच्या दर्शनी भागात कधी दिसत नाही. तो जाड केबलच्या वरच्या सालीत असतो, प्लॅस्टिकच्या खिडक्यांच्या चौकटीत मिसळलेला असतो आणि फ्रिजचं दार ‘टप्प’ करून मिटवणाऱ्या चुंबकी पट्टीतही असतो. त्याचं नाव क्लोरिनेटेड पॉलिथिलीन, धंद्याच्या बोलीत सीपीई. त्यात क्लोरीन साधारण ३५-३६ टक्के, आणि चौघांत सर्वांत मऊ तोच.

इथेच गंमत आहे. शून्य टक्क्याला चिवट आणि मेणचट, छत्तीसला चक्क रबर, सत्तावन्नला कडक, सदुसष्टला त्याहून कडक. क्लोरीन वाढवत जावं तसा कडकपणा वाढत गेला असता, तर शाळकरी पोरालाही हिशेब सुटला असता. तो तसा सुटत नाही, कारण क्लोरीन साखळीवर दोन वेगवेगळी कामं करतो. पहिलं काम मोडण्याचं, दुसरं आवळण्याचं.

क्लोरीन असा साखळीत शिरतो, याची गोष्ट सुरू होते ती मेणबत्त्यांपासून. एकोणिसाव्या शतकातली एक कथा रसायनशास्त्रात अजून सांगितली जाते. पॅरिसच्या राजवाड्यातल्या एका मेजवानीत मेणबत्त्या पेटवल्या आणि पाहुण्यांना ठसका लागला; दालनभर झोंबणारा धूर झाला. तपास आला झां-बातिस्त द्युमा या रसायनशास्त्रज्ञाकडे. मेण पांढरंशुभ्र दिसावं म्हणून ते क्लोरीनने धुतलं होतं, आणि हा क्लोरीन मेणावरून उडून न जाता त्याच्या अंगात घुसून बसला होता. मेणातला हायड्रोजन बाहेर, त्याच्या जागी क्लोरीन. बत्ती पेटली की तोच हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू होऊन बाहेर पडत होता. द्युमाने त्यावरून १८३० च्या दशकात प्रतिस्थापनाचा सिद्धान्त मांडला. कथेत तिखटमीठ किती, हा प्रश्न वेगळा. रसायन मात्र पक्कं आहे. मेण म्हणजे जवळपास आखूड साखळ्यांचं पॉलिथिलीनच. त्यामुळे सीपीईची वंशावळ लिहायची, तर मूळ पुरुष म्हणून त्या ठसका लावणाऱ्या मेणबत्त्यांचं नाव घालावं लागेल.

लांब साखळीचं मेण हाती आलं ते शंभर वर्षांनी. इंग्लंडमधल्या विनिंग्टन इथे आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत रेजिनल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट एथिलीन वायूवर अफाट दाब देऊन काय होतं ते पाहत होते. मार्च १९३३ मध्ये शुक्रवारी त्यांनी प्रयोग लावला आणि सोमवारी, २७ तारखेला, भांडं उघडलं. आत पांढरा, मेणासारखा थर. अपेक्षित पदार्थ तो नव्हताच. १९३५ अखेर तो पुन्हा पुन्हा बनवण्याची खुबी सापडली, १९३९ मध्ये कारखाना उभा राहिला आणि महायुद्धात रडारच्या तारांना आवरण म्हणून हे मेण लढाईवर गेलं. पॉलिथिलीन हाती लागताच त्यावर क्लोरीन सोडून पाहण्याचा मोहही फार काळ आवरला नाही. आयसीआयमध्येच १९३० च्या दशकात ते करून झालं. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने त्यात गंधकाची भर घालून १९५१ मध्ये ‘हायपॅलॉन’ नावाचं रबर बाजारात आणलं.

क्लोरीन साखळीत घुसतो तेव्हा नेमकं काय घडतं, ते पाहण्यासाठी आधी साखळीची घडी पाहायला हवी. पॉलिथिलीनच्या साखळीत प्रत्येक कार्बनवर दोन हायड्रोजन, दोघेही सारखेच बारके. साखळी अगदी गुळगुळीत. पातळ वितळलेलं पॉलिथिलीन गार होऊ लागलं, की या साखळ्या नऊवारीच्या निऱ्यांसारख्या स्वतःवरच दुमडत जातात. निरीवर निरी बसते आणि पातळ स्फटिकी पापुद्रे तयार होतात. पापुद्र्यांच्या मधल्या जागेत काही साखळ्या अस्ताव्यस्त लोंबकळत राहतात. काळ्या पाइपाची ताकद येते ती निऱ्यांमधून, लवचिकपणा येतो तो या लोंबकळणाऱ्या भागातून.

साखळी अशी दुमडते हे ब्रिस्टॉलच्या अँड्र्यू केलर यांनी १९५७ मध्ये दाखवलं, तेही पॉलिथिलीनच्याच स्फटिकांवर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून. त्याच साली पुण्यात एक विलक्षण माणूस आपली खुर्ची सोडून निघाला होता. पाषाणच्या माळावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी ६ एप्रिल १९४७ रोजी बसवली होती, आणि ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं होतं. पुणेकरांच्या तोंडी ती ‘एनसीएल’. तिचे पहिले संचालक जेम्स मॅकबेन साबणाच्या रसायनातले, आणि दुसरे जॉर्ज फिंच. हे फिंच म्हणजे १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूच्या नळकांड्या पाठीवर घेऊन चढलेले गिर्यारोहक. सहकाऱ्यांतल्या कित्येकांना तेव्हा तो रडीचा डाव वाटला होता! त्यांचा मूळ पेशा मात्र इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनाने पदार्थांच्या पृष्ठभागाची रचना वाचण्याचा. १९५२ ते १९५७ ही पाच वर्षं ते पुण्यात होते. ज्या हत्याराने पॉलिथिलीनच्या निऱ्या पुढे जगाला दिसल्या, त्या हत्याराचा एक उस्ताद पाषाणला बसून होता. केलर यांच्या शोधाशी त्याचा संबंध जोडण्याचं कारण नाही. पण अणू कोणत्या रांगेत बसले आहेत यावर वस्तूचा स्वभाव ठरतो, हा विचार पुण्यात तेव्हाच पोचला होता, एवढं त्यातून कळतं.

तर आता या निऱ्यांवर क्लोरीन सोडायचा. क्लोरीनचा रेणू म्हणजे दोन अणूंची जोडी. प्रकाशाने, उष्णतेने किंवा पेरॉक्साइडसारख्या पदार्थाने ती फुटते. सुटा झालेला अणू भलताच अधाशी; तो साखळीवरचा एक हायड्रोजन ओढून घेतो आणि आम्लवायू होऊन चालता होतो. साखळीवर रिकामी झालेली जागा दुसऱ्या जोडीतला एक क्लोरीन पटकावते, आणि त्याचा जोडीदार मोकळा होऊन पुढचा हायड्रोजन ओढायला निघतो. असं हे लोण चालू राहतं. म्हणजे वापरलेल्या क्लोरीनपैकी निम्माच वस्तूत जातो, निम्मा आम्ल बनून बाहेर पडतो; कारखान्याला दोन्हींची सोय लावावी लागते. द्युमाला मेजवानीत जो ठसका भेटला, तो इथे टाक्या भरभरून निघतो.

साखळीवर बसलेला क्लोरीन हायड्रोजनपेक्षा कितीतरी दांडगा. निऱ्यांत कुसळ अडकावं तसा तो अडकतो. एखादं कुसळ असेल तर घडी कशीबशी बसते. दर चार-पाच बोटांवर एक असलं, की निऱ्या सुटतातच. ३६ टक्के वजनाचा हिशेब मांडला, तर शंभर कार्बनांमागे साधारण बावीस क्लोरीन येतात, म्हणजे सरासरी दर साडेचार कार्बनांना एक. शिवाय कोण कुठे बसेल याचा नेम नाही. एका ठिकाणी दोन शेजारी-शेजारी, पुढे आठ-दहा कार्बन मोकळे, मग पुन्हा एक. अशी वेडीवाकडी साखळी स्फटिकात बसूच शकत नाही. पापुद्रे विरघळतात, सगळी वस्तू त्या लोंबकळणाऱ्या भागासारखी होते, आणि ज्या पॉलिथिलीनची बादली बनते त्याचंच रबर होतं. क्लोरीनचं पहिलं काम, मोडण्याचं, ते हे.

त्यापुढेही क्लोरीन चढवत गेलं, की दुसरं काम सुरू होतं. क्लोरीन इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचून धरतो, त्यामुळे साखळीवर धन-ऋण टोकं तयार होतात आणि शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना ओढू लागतात. शिवाय हे दांडगे अणू दाटीवाटीने बसल्यावर साखळीला वळायला जागा उरत नाही. पन्नास टक्क्यांच्या आगेमागे रबर पुन्हा ताठर होऊ लागतं आणि साठीच्या पुढे ठिसूळ राळ होते. पीव्हीसीवर आणखी क्लोरीन चढवून सीपीव्हीसी करतात, तिथे मोडायला स्फटिक जवळपास नसतातच. म्हणून तिथे फक्त आवळणंच दिसतं. पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं, सीपीव्हीसी ११० च्या पुढे.

क्लोरीन किती घातला एवढ्यावर हे प्रकरण थांबत नाही. तो कसा घातला, यालाही तेवढंच महत्त्व. पॉलिथिलीन कार्बन टेट्राक्लोराइडसारख्या द्रावकात पुरतं विरघळवून क्लोरीन सोडला, तर साखळ्या सुट्या असतात आणि प्रत्येक भागाला सारखा क्लोरीन लागतो. पाण्यात भुकटी ढवळत ठेवून, वितळू न देता क्लोरीन सोडला, तर तो आधी त्या सैल भागात शिरतो; निऱ्यांच्या आत त्याला वाट नाही. रंगपंचमीला घडीच्या साडीवर रंग उडाला, तर वरच्या पदरालाच लागतो. तीच साडी उलगडून रंगाच्या पातेल्यात बुडवली, तर कोरा कोपरा राहत नाही. तसंच हे. दोन्हींत क्लोरीनचं वजन मोजलं तर आकडा तोच येईल. पण एका साखळीत क्लोरीन सर्वत्र विखुरलेला, दुसरीत क्लोरीनचे गठ्ठे आणि मधे मधे कोऱ्या पॉलिथिलीनचे पट्टे. पहिलं रबर, दुसरं बऱ्यापैकी कडक. म्हणून पाण्यातल्या पद्धतीत पुढच्या टप्प्यावर तापमान वितळण्याच्या आसपास नेतात. निऱ्या सैल पडतात आणि उरलेला क्लोरीन आत शिरतो.

द्रावकाची पद्धत नेमकी होती, पण कार्बन टेट्राक्लोराइड ओझोनच्या थराला भोकं पाडणाऱ्यांपैकी एक निघाला. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्याच्यावर गदा आली, आणि भारतानेही २०१० पर्यंत त्याचा असा वापर बंद केला. आज सीपीईचा व्यवहार प्रामुख्याने पाण्याच्या पद्धतीवर चालतो.

आता पुण्याकडे. या शहराचा दावा शोधाचा नाही. सीपीई इथे जन्माला आलं नाही. पण क्लोरीन धरलेली साखळी वायर म्हणून ओढायची, पाइप म्हणून पिळून काढायची आणि खेडोपाडी पोचवायची, या धंद्यात पुण्याचं नाव मोठं आहे.

कराचीत १९३० साली जन्मलेले प्रल्हाद छाब्रिया पोरवयात पुण्यात आले. त्यांनी आणि त्यांचे बंधू किशन यांनी १९५८ मध्ये फिनोलेक्स सुरू केली ती मोटारगाड्यांसाठी पीव्हीसीच्या आवरणाच्या वायरी बनवण्यासाठी. त्या काळी पेठांतल्या वाड्यांमध्ये विजेची वायर म्हणजे तांब्याच्या तारेवर रबर, रबरावर सुती विणीची साल, आणि ती सागवानी पट्टीवर बारक्या क्लिपांनी ठोकलेली. रबर वर्षा-दोन वर्षांत नाही, पण पंधरा-वीस वर्षांत हटकून तडकायचं. मोटारीत तेल, पेट्रोल आणि इंजिनाची धग. तिथे तर त्याचे हालच. पीव्हीसी तेलाला दाद देत नाही आणि पेटलं तरी ज्योत बाजूला केली की विझतं. पॉलिथिलीन मात्र मेणबत्तीसारखं ठिबकत जळतं, मेणच ते. क्लोरीन आगीला आवर घालतो, हा गुण केबलवाल्यांनी हेरला.

एक अडचण होती. पीव्हीसी मुळात कडक. वायरीसाठी ते मऊ हवं. ही युक्ती अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये काढली होती. पीव्हीसीमध्ये तेलकट द्रव मुरवायचा, म्हणजे साखळ्या एकमेकींवरून घसरतात. रेक्झिन, रेनकोट, टेबलक्लॉथ, वायर, सगळं यावरच चालतं. पण हा मऊपणा उसना आहे. तेल वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं आणि मग जुन्या स्कूटरची सीट तडकते, माळ्यावरचा रेनकोट घडीवर फाटतो, वायर वाकवली की साल सोलून येते. सीपीईचा मऊपणा अंगचा आहे. त्यात तेल घालून मऊपणा आणावा लागत नाही, साखळीच तशी आहे. म्हणून ऊन, तेल आणि वाकणं-वळणं सोसणाऱ्या केबलीच्या वरच्या सालीला सीपीई वापरतात, आणि कडक पीव्हीसीच्या खिडक्या थंडीत ठोकर लागून तडकू नयेत म्हणून त्यात थोडं सीपीई मिसळतात. चपातीच्या कणकेत मोहन घालावं तसं.

पानशेतचं धरण फुटलं ते १९६१ साल. त्याच साली मुंबईला चेंबूरजवळ कॅलिकोने देशातला पहिला पीव्हीसीचा कारखाना चालू केला. कॅलिको म्हणजे अहमदाबादची कापडगिरणी. कापडवाल्याला पीव्हीसीशी काय घेणं? घेणं आहे ते मिठाशी. कापड धुवायला कॉस्टिक सोडा लागतो. तो मिठाच्या पाण्यातून वीज सोडून काढतात, आणि सोड्याबरोबर जवळपास तेवढाच क्लोरीन गळ्यात पडतो. हा विषारी वायू टाकायचा कुठे? हवेत सोडता येत नाही, साठवणं जिवावरचं. त्याला घर हवं, आणि पीव्हीसी हे सर्वांत ऐसपैस घर. पांढऱ्या पाइपांची वाढ समजून घ्यायची तर आधी पांढऱ्या कापडाकडे पाहावं लागतं. पॉलिथिलीनचीही गोष्ट अशीच आडवळणाची. देशातलं पहिलं पॉलिथिलीन १९५९ मध्ये बंगालमधल्या रिश्रा इथे बनलं ते मळीच्या अल्कोहोलपासून. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना प्लॅस्टिक म्हणजे तेलविहिरीची गोष्ट वाटते. इथे त्याची सुरुवात साखर कारखान्याच्या शेजाराने झाली.

फिनोलेक्सने १९८१ मध्ये पाइपांसाठी वेगळी कंपनी काढली, आणि १९९४ मध्ये रत्नागिरीजवळ समुद्रकाठी जर्मन तंत्रज्ञानावर स्वतःची पीव्हीसी राळ बनवायला सुरुवात केली. जहाजातून एथिलीन उतरतं, त्याला क्लोरीनची जोड मिळते आणि पांढरी भुकटी घाट चढून कारखान्यांत येते. पण पाइपाचा खरा इतिहास कारखान्याच्या फाटकाबाहेर घडला, नीरा-भीमेच्या काठच्या उसाच्या फडांत.

नदीवर किर्लोस्करांचा पंप बसला, तरी पाणी दीड-दोन मैल चढावर न्यायचं तर लोखंडी पाइप लागायचा. तो वाहायला बैलगाडी आणि चार गडी. पीव्हीसीची घनता लोखंडाच्या पाचव्या हिश्शाहून कमी. वीस फुटी पाइप खांद्यावर टाकून एकटा माणूस बांधावरून चालू लागला. जोड कसा द्यायचा, हे शेतकऱ्याला पुस्तकातून कळलं नाही. पाचटाचा छोटा जाळ करायचा. पाइपाचं टोक त्यावर फिरवत राहायचं, करपू द्यायचं नाही. टोक चामड्यासारखं लुळं पडलं, की दुसऱ्या पाइपाचं तोंड त्यात ठासायचं आणि वर ओलं फडकं दाबून धरायचं. दोन मिनिटांत गच्च सॉकेट तयार. ऐंशी अंशांच्या पुढे पीव्हीसीची साखळी हलू लागते आणि गार झाली की आहे त्या आकारात थिजते. बांधावर बसलेला गडी रसायनशास्त्राचं नेमकं हेच वाक्य पाचटावर वाचत होता. काळ्या पाइपावर हा खेळ जमत नाही. त्याचे स्फटिक एका ठराविक तापमानापर्यंत दम धरतात आणि मग एकदम सोडतात. टोक आकार न घेता मेणासारखं ढासळतं.

प्लंबरच्या पिशवीतला ‘सोल्युशन’चा डबाही क्लोरीनचीच मेहेरबानी. पॉलिथिलीनला काही चिकटत नाही. त्याच्या गुळगुळीत, निर्विकार साखळीला द्रावकाने धरावं कुठे? म्हणून काळे पाइप तापत्या तव्यावर टोकं वितळवून जोडावे लागतात. पीव्हीसीच्या क्लोरीनला द्रावक पकडतं, वरचा थर फुगतो, दोन्ही पाइपांच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रावक उडून गेलं की जोड एकजीव होतो. ते चिकटवणं नसून एक प्रकारचं वेल्डिंगच आहे.

राहिला तिसरा, पिवळसर पाइप. त्याच्यासाठी बोहरी आळीतून कसब्यात जावं लागतं, तांबट आळीत. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती; मठारकामाचा ठोक्यावर ठोका तिथे अजून ऐकू येतो. पुण्याला दोन-अडीचशे वर्षं गरम पाणी पाजलं आणि न्हाऊ घातलं ते या ठोक्यांनी. त्यांचा बंब म्हणजे तांब्याचा उभा डेरा. मधोमध आरपार नळी. तिच्यात बंबफोड आणि कोळसे, खाली जाळी आणि राखेचं भांडं, नळीभोवती पाणी, बाजूला पितळी तोटी. पाणी तापायचं तिथेच ते वापरलं जायचं. गरम पाण्याला घरभर फिरायची गरज नव्हती. मोरीतला बंब गेला आणि गिझर आला, मग गच्चीवर सोलर बसले. सौरबंबांच्या बाबतीत पुणं राज्यात पुढे. नावात बंब राहिला, पण पाणी आता चार-पाच मजले खाली उतरून न्हाणीघरात येऊ लागलं.

या प्रवासाला लोखंडी जीआय पाइप होता, पण बोअरच्या जड पाण्याने आतून खपली धरायचा आणि दहा-पंधरा वर्षांत धार करंगळीएवढी व्हायची. पीव्हीसी साठ अंशांच्या पुढे भरवशाचं नाही. उन्हाळ्यातलं सोलरचं पाणी ती रेघ सहज ओलांडतं आणि पाइप क्लिपांमधून साडीच्या पदरासारखा लोंबायला लागतो. उत्तर सापडलं ते क्लोरीनचं दुसरं काम पुढे नेण्यात. तयार पीव्हीसीवर प्रकाशाच्या साहाय्याने आणखी क्लोरीन चढवायचा, साखळ्या अधिक आवळायच्या. गुडरिचने हे आधीच साधलं होतं. भारतात हा पाइप १९९९ पासून अहमदाबादच्या ॲस्ट्रलने रुजवला, आणि २००७ मध्ये त्याला भारतीय मानकही मिळालं. तो ९० अंशांपर्यंतचं पाणी निमूट वाहतो.

क्लोरीन धरलेल्या साखळीची एक खोडही आहे: धरलेला क्लोरीन ती कायमचा धरून ठेवत नाही. तापवलं की एक आम्लाचा रेणू सुटतो, त्याने शेजारचा सैल होतो, मग पुढचा. मोत्यांची माळ उसवावी तसं. हे थोपवण्यासाठी स्थिरक घालावे लागतात, आणि वर्षानुवर्षं ते शिशाचे होते. पिण्याच्या पाण्याच्या पाइपात शिसं! केंद्र सरकारने त्यावर नियम काढले ते २०२१ मध्ये. हा उशीर अक्षम्य म्हणावा असाच आहे. पर्यायी स्थिरक त्याच्या कितीतरी आधीपासून हाती होते. भंगारात तांब्यासाठी वायरी जाळतात, तेव्हा घशाला झोंबतो तो हाच सुटलेला आम्लवायू, आणि त्या धुरात त्याच्याहून घातक संयुगंही असतात.

भंगाराच्या दुनियेत पॉलिथिलीन आणि पीव्हीसी हे एकमेकांचे वैरी. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली, २००८ पासून ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक दारोदार जाऊ लागल्या. त्यांच्या वर्गवारीला रसायनशास्त्रात मोल आहे, कारण पॉलिथिलीनच्या गठ्ठ्यात थोडंही पीव्हीसी गेलं तरी वितळवताना सगळा घाणा नासतो. शंका आली तर दोन साध्या परीक्षा आहेत. तुकडा पाण्याच्या बादलीत टाकायचा: पॉलिथिलीन तरंगतं, क्लोरीनवाले बुडतात. दुसरी परीक्षा बाइलस्टाइन यांची, १८७२ ची. तांब्याची तार ज्योतीत लाल करायची, प्लॅस्टिकला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवीगार झाली, तर आत क्लोरीन आहे. प्रयोग मोकळ्या हवेत आणि इवल्याशा तुकड्यावरच करावा.

या दोन वैऱ्यांना एकत्र नांदवणारा मध्यस्थ मात्र त्यांच्याच घरातला निघाला. पाण्याच्या पद्धतीने बनलेल्या सीपीईत कोऱ्या साखळीचे पट्टे असतात, ते पॉलिथिलीनशी जमवून घेतात. क्लोरीनचे गठ्ठे पीव्हीसीशी. अर्धवट रंगलेली घडी म्हणून जो दोष वाटला होता, तो मिश्र भंगाराच्या सांध्याला उपयोगी पडला.

पाइप विकत घेताना रंगावर विसंबू नये. रंग कुणालाही देता येतो. पाइपावर छापलेला मानकाचा आकडा वाचावा. पॉलिथिलीनवर ४९८४, पीव्हीसीवर ४९८५, सीपीव्हीसीवर १५७७८. गिझरपुढच्या तुकड्यावर यातला शेवटचा आकडा नसेल, तर तो दुकानातच परत ठेवावा.